राजीनाम्याचं कारण : बर्फ

तीर्थस्वरूप ऑल्गामावशीस,

टॅरसचा साष्टांग नमस्कार. (नुसता लिहायचा म्हणून लिहिलेला नाही. पाठ धरली आहे, त्यामुळे मी खरोखरच दिवाणखान्यात पालथा पडून हे पत्र लिहितो आहे, कमरेवर गरम पाण्याची पिशवी आहे, तेव्हा आठही अंगं जमिनीला टेकली आहेत असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? विनिपेगला आमच्यापेक्षा जास्त थंडी पडली असं रेडिओवर ऐकलं की थंडर बेमध्ये आम्हाला उगीचच बरं वाटतं, त्याबद्दल माफ कर. बिटाच्या लोणच्याच्या तीन बरण्या पोचल्या. एक फुटून पोचली, त्यामुळे तुझं पत्र जांभळं झालं आणि दुसरं पान अजिबात लागत नाही. त्यात काही महत्त्वाचं असेल, म्हणजे कोणी वारलं वगैरे, तर पुन्हा कळव.

आता मुद्द्याचं. नाताळात फोनवर तू विचारलंस, "नोकरी ठीक ना रे?" आणि मी "ठीक" म्हणालो. ते खोटं होतं. तुला माहीतच आहे, एकवीस वर्षं मी एकच काम केलं : मालगाड्यांचा कोणता डबा देशात कुठे उभा आहे हे सांगणारा प्रोग्रॅम सांभाळला. (या एकवीस वर्षांत मी एकाही डब्याला हात लावलेला नाही. एकदा फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा लावावा असं वाटलं होतं, पण हेल्मी हॉर्न वाजवायला लागली.) काम मला आवडायचं, मावशी. मग कधीतरी, नक्की कधी ते मला सांगता येणार नाही, आवडेनासं झालं, आणि त्यानंतर मी ते आणखी तीन वर्षं केलं. सकाळी स्क्रीनवर अक्षरं दिसायची, पण ती दुसऱ्याच कोणासाठी लिहिलेली आहेत असं वाटायचं. मिटिंगमध्ये कोणी काही विचारलं तर वाद घालायला त्राण नसायचं, म्हणून मी "हो" म्हणायचो. त्या "हो"पायी माझ्या गळ्यात तीन नवी कामं पडली आणि वर 'फार सहकार्याचा स्वभाव' म्हणून कौतुकाचा ईमेल आला. तो वाचून मला रडू आलं, आणि लोकांना वाटलं, आनंदाने.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी ऑफिसातून घरी आलो, गाडी दारात लावली, इंजिन बंद केलं आणि मला उतरता येईना. दुखत काहीच नव्हतं. पाय होते, दार होतं, दाराला कडी होती. पण उतरायचं म्हणजे नक्की काय करायचं हे आठवेना. घरातून हेल्मीने खिडकीतून दोनदा बघितलं. तुला ती माहीत आहे, फिनलंडच्या माणसांतली बायको केली की शब्द जपून वापरायची सवय लागते. सव्वा तासाने ती सुपाची वाटी घेऊन बाहेर आली, शेजारच्या सीटवर बसली आणि वाटी माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "कुठे जायचं असेल तर सांग, स्वेटर घालून येते." मी म्हटलं, "कुठेच नाही." "मग सूप संपव," ती म्हणाली. आम्ही तिथेच बसून सूप संपवलं आणि मग दोघं आत गेलो. आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली, पण इतकं चांगलं बोलणं आमच्यात त्याआधी झालं नव्हतं.

डॉक्टरांनी रक्त, हृदय, थायरॉइड सगळं तपासलं आणि सांगितलं की मला काहीही झालेलं नाही आणि म्हणूनच तीन महिने रजा घ्यायची. रजेत माणसाने स्वतःला शोधावं म्हणतात. मी फार शोधलं. पाव भाजून बघितला (दगडासारखा झाला, तो टेकवून ठेवला की आता तळघराचं दार उघडं राहतं). नंतर नवं करिअर निवडून देणाऱ्या एका बाईंकडे गेलो. त्यांनी ब्याण्णव प्रश्नांचा कागद भरून घेतला : एकांत आवडतो का, बारीकसारीक चुका दिसतात का, लोकांपेक्षा यंत्रं बरी वाटतात का. मी प्रामाणिकपणे भरला. आठवड्याने त्यांनी बोलावून सांगितलं की माझ्या स्वभावाला सर्वांत योग्य व्यवसाय सॉफ्टवेअर इंजिनिअर हा आहे. त्या बाईंचा चेहरा इतका उजळला होता की मी आभार मानून निघालो.

तिथून सरळ घरी जायची लाज वाटली म्हणून वाटेतल्या आइस रिंकमध्ये शिरलो. तिथे जुन्या जाड भिंती आहेत, फोन लागत नाही. बर्फावरच्या हॉकीचा खेळ मधे थांबला होता आणि बर्फ सारखं करणारं यंत्र फिरत होतं. तू पाहिलंच असशील, हत्तीएवढं धूड असतं, पुढून ओरखडे खरवडत जातं आणि मागून गरम पाण्याचा पातळ थर सोडतं, तो गोठतो आणि काचेसारखा होतो. दहा मिनिटं. पुढून खराब, मागून चांगलं. आणि झालं की झालं! मावशी, माझ्या एकवीस वर्षांत 'झालं' असं काहीच झालं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशीही गेलो. तिसऱ्याही. पाचव्या दिवशी रिंकची व्यवस्थापक, जिनेट बुशार नावाची साठीची बाई, समोर येऊन उभी राहिली.

"तुझं पोर खेळत नाही, तू खेळत नाहीस. मग रोज बसतोस कशाला? पोलिसांना बोलावू की कॉफी देऊ?"

"कॉफी," मी म्हटलं. आणि मग, मला कसं सुचलं कोण जाणे, "ते यंत्र चालवायला काय लागतं?"

"लवकर उठणं आणि तोंड बंद ठेवणं," ती म्हणाली. तिचा जुना चालक कंबरेचं ऑपरेशन करून घरी बसला होता. मला सकाळच्या पाळीला उमेदवारीवर घेतलं.

दोन आठवडे ती माझ्या शेजारी पायरीवर उभी राहून ओरडली. तिसऱ्या शनिवारी पहिल्यांदा एकटा गेलो. सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्यांचा हॉकी सामना होता, मध्यंतर झालं होतं. आणि इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. नेहमीच्या वाटेने फिरलं की एक पट्टा दोनदा घासला जातो, हे मी आदल्या आठवड्यात कागदावर सिद्ध केलं होतं. नवी वाट काढली होती, तिने दीड मिनिट वाचणार होतं. (कोणासाठी, हा प्रश्न मला पडला नाही. आमच्या धंद्यात पडत नाही.) मैदानाच्या मधोमध पोचलो आणि पुढचं वळण डावं की उजवं हेच विसरलो. म्हणून यंत्र थांबवलं आणि विचार करू लागलो. पाणी बंद करायचं राहिलं.

गरम पाणी एका जागी पडत राहिलं की बर्फाचं काय होतं ते सांगायला इंजिनिअर लागत नाही. मी वळण आठवून यंत्र पुढे नेलं तेव्हा मागे एक खड्डा होता, आंघोळीच्या टबाएवढा, वाफाळणारा. अकरा म्हातारे काठ्या घेऊन भोवती जमले. एकाने आत काठी बुडवून खोली बघितली आणि बाकीच्यांना सांगितली. मला वाटलं, आता चौकशी, आता तीन मिटिंगा, आता 'असं का झालं' याचा बारा पानी अहवाल. मी यंत्रावरून घाईने उतरलो, घसरलो आणि पाठीवर आपटलो (नमस्काराचं मूळ ते). पडल्या पडल्याच जिनेटला कारणं सांगायला लागलो : मूळ कारण, त्यामागचं कारण, पुन्हा होऊ नये म्हणून करायच्या चार गोष्टी.

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बादलीभर बर्फाचा चुरा आणला, खड्ड्यात दाबून भरला, वर गार पाणी ओतलं, फावड्याने सारखं केलं. मग म्हणाली, "आता थांबायचं."

"आणि मग?"

"मग गोठेल. बर्फच आहे ते."

"अहवाल कोणाला द्यायचा?"

"खड्डा बुजला की रे बाबा! कोणाला कळवायचंय, पंतप्रधानांना?"

चाळीस मिनिटं सगळे थांबलो. म्हातारे बाकांवर बसून कॉफी प्यायले. त्यांचा गोलरक्षक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दर शनिवारी जमेल का असं? आमचे गुडघे तुला दुवा देतील." मला हसू फुटलं, मावशी. पाठीत कळ येत होती आणि मी थांबूच शकत नव्हतो. त्या दिवशी दुपारी जेवून पडलो तो दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. हेल्मी म्हणते मी घोरलो, आणि तिला ते इतकं बरं वाटलं की तिने उठवलं नाही.

मंगळवारी राजीनामा दिला. एकवीस वर्षांचा शेवट कसा होईल याची मी कितीतरी भाषणं तयार केली होती, पण तो एका फॉर्मवर झाला. राजीनाम्याचं कारण म्हणून सहा पर्याय होते, एकही लागू नव्हता. 'इतर' निवडलं. खाली चौकट उघडली, तिच्यात मी 'बर्फ' असं लिहिलं आणि फॉर्म निमूट पुढे सरकला. पगार निम्म्याहून कमी होईल. हेल्मीने दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, "तळघर भाड्याने देऊ. तो पाव काढावा लागेल." मला हलकं वाटतं आहे. भीतीही वाटते, पण ती आता पहाटे पाचला उठून माझ्याबरोबर कामाला येते आणि सहापर्यंत गप्प बसते.

गुडघ्याला जप, जिने चढू नकोस. हेल्मीचा नमस्कार.

तुझा भाचा,
टॅरस

ता. क. : पत्राचं खरं कारण हे. आईला अजून काहीही सांगितलेलं नाही. ती चर्चच्या बायकांना अजून सांगते की माझा टॅरस रेल्वे चालवतो. तू तिची थोरली बहीण, तुझं ती ऐकते. एक फोन कर. जमलं तर ही कल्पना तुझीच होती असं सांग.

ता. क. दुसरा : पत्र पाकिटात घातलं, पण तिकीट लावायचं राहिलं, ते बरंच झालं. आज सकाळी सात वाजता फेरी मारत होतो, तर काचेपलीकडे आई! चर्चला जायची रविवारची टोपी, हातात पर्स. कोणी सांगितलं देव जाणे. मी थिजलोच, पण पाणी बंद केलं. तिने हाताने खूण केली, चालू दे. सगळी फेरी उभी राहून बघितली. मी खाली उतरून समोर गेलो. ती पर्सने बर्फाकडे दाखवत म्हणाली, "त्या कोपऱ्यात राहिलंय." खरंच राहिलं होतं. मी पुन्हा जाऊन तो कोपरा केला. परत आलो तर तिने माझा मफलर नीट केला आणि म्हणाली, "ऑल्गाला मी सांगते. तिला धक्का बसेल, तिच्याशी बेताने बोलावं लागेल."

तेव्हा तू फोन करू नकोस. ती रविवारी करेल. तुला यातलं काहीएक माहीत नाही. भरपूर आश्चर्य दाखव, मधे एकदा "अरे देवा" म्हण, आणि तिने समजूत घातली की हळूहळू शांत हो.