अक्कासाठी धरून ठेवलेला शनिवार

धुळे
२० फेब्रुवारी २००९

चि. कामिनीस आजीचे अ. उ. आ.

सगळ्यांत आधी आली ती शिरपूरची माझी नणंद. तिला कोणी बोलावलंही नव्हतं. टीव्हीवाले येणार हे तिच्या कानावर कसं गेलं देव जाणे, पण सकाळी आठलाच जरीचं पातळ नेसून ओट्यावर हजर. मी विचारलं की बाई, मांडे मी करायचे, तुम्ही कशाला नटलात? तर म्हणे कॅमेरा फिरता असतो, कुणावर कधी येईल सांगता येत नाही. टीव्हीवाले आले साडेअकराला, तोवर तिनं दोनदा चहा घेतला.

ते दोघंच होते. एक तुझ्याच वयाची मुलगी अन् एक कॅमेरावाला. मी मागच्या अंगणात चुलीवर खापर तापवून ठेवलं होतं. पुरण भरलेली कणीक हातावर घेऊन कोपरापर्यंत पसरत नेली तर ती मुलगी तोंडात बोट घालून बघत बसली. फाटत कशी नाही म्हणाली. मी म्हटलं बाई, आधी पुष्कळ फाटले. मग तिनं विचारलं कुणी शिकवलं, अन् कामिनी, माझ्या तोंडून खरं निघालं.

तुलाही ठाऊक नाही ते. मी लग्न होऊन आले तेव्हा मला मांडे येत नव्हते. धाकट्या दिराचं लग्न निघालं अन् सासूनं मांडे माझ्यावर टाकले. रडायचीच बाकी होते. तेवढ्यात पहूरहून माझी अक्का, तुझी इंदिराआजी, चार दिवस आधीच लग्नाला म्हणून आली. मागच्या खोलीत दार लावून तिनं मला शिकवलं. लग्नात वाहवा झाली माझी. पन्नास वर्षं ती वाहवा मी खाल्ली, अक्काचं नाव कुणाला सांगितलं नाही. भावकीतल्या लग्नात लोक अक्कासमोर माझं कौतुक करायचे अन् ती मान हलवायची. ते बठ्ठं, अगदी सगळं, मी कॅमेऱ्यासमोर सांगितलं. नणंदेचं तोंड बघण्यासारखं झालं.

शनिवारी १४ मार्चला साडेपाचला दाखवणार आहेत. एकदाच. आणि नेमकं तेराला अक्काचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, तुमच्या जळगावला. दुसऱ्या डोळ्यानं तिला तसंही दिसत नाही. म्हणजे शनिवारी ती पट्टी बांधून पडलेली असणार. तिच्या मुलाला, कौतिकला फोन केला, तर तो म्हणाला दोन महिन्यांनी नंबर लागलाय मावशी, पुढं ढकलता येणार नाही. मीही ढकल म्हणणार नाही, डोळा आधी.

पण अक्कानं ते पाहिल्याशिवाय मी सांगितल्याचा काय उपयोग? मी काय बोलले ते तिला फोनवर सांगवत नाही, जीभ वळत नाही. आपला कॉम्प्युटरच्या दुकानवाला नईम म्हणाला, तुझ्या त्या नुसत्या पडून असलेल्या कॉम्प्युटरमध्ये टीव्हीचं कार्ड बसवता येतं अन् कार्यक्रम धरून ठेवता येतो. खरं का? मी बसवणारच आहे, फक्त कोणतं घेऊ ते लिही.

अभ्यास कर, पण डोळे फोडू नको. पत्र लवकर धाडावे, मी पोस्टमनची वाट अडवून बसते.
तुझी आजी भागाबाई

जळगाव
२३ फेब्रुवारी

ती. आजीस कामिनीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मैत्रिणींना वाचून दाखवलं. त्या विचारतात तुझी आजी खरंच दुसरीपर्यंतच शिकली का. इंदिराआजीचं मात्र मी दोनदा वाचलं. फोनवर तू बरं आहे, ठेव आता एवढंच बोलतेस आणि पत्रात पन्नास वर्षांचं लिहितेस, म्हणून मी पत्राचा हट्ट धरते.

कार्डाचं खरं आहे. पण दुकानात दोन वस्तू दाखवतील, नीट बघ. एक बाहेर ठेवायचा डबा असतो. तो मॉनिटरवर टीव्ही दाखवतो, कॉम्प्युटर चालू करावा लागत नाही, म्हणून दुकानदार त्याचीच तारीफ करतात. तो घेऊ नको. तो नुसता दाखवतो, साठवत नाही. आपल्याला आतलं कार्ड हवं. कॉम्प्युटरच्या पोटात पांढऱ्या खाचा आहेत, त्यातली एक रिकामी आहे, ती मी स्वतः पाहिलेली आहे. कार्ड त्या खाचेत उभं बसतं आणि केबलची वायर मागून त्यालाच लागते. नईमभाईंकडूनच बसवून घे. उघडण्याआधी वीज बंद, आणि कार्ड कडेला धरायचं.

माझे सिनेमे पुसून टाकायला सांग, जागा लागेल. आधी अर्धा तास काहीतरी साठवून बघा, बातम्या असल्या तरी चालतील. आणि शनिवारी लोडशेडिंग किती वाजता ते आत्ताच विचारून ठेव. यूपीएस दहा मिनिटं तग धरतो, पुढं नाही.

परीक्षेमुळे मला येता येत नाही, त्याचं वाईट वाटतं. आई-पप्पांना नमस्कार. तू आहेस म्हणून काळजी नाही, असं लिहिते, पण असते.
तुझी कामिनी

धुळे
२ मार्च

चि. कामिनीस आजीचे अ. उ. आ.

कार्ड आणलं. मी स्वतः पाचकंदिलाजवळ नईमच्या दुकानात गेले. आपल्या मागच्या गल्लीतल्या आबेदाचा मुलगा, माझ्या अंगणात बोरं वेचत वाढलेला, आता दाढीत पांढरे केस आलेत त्याच्या. त्यानं आधी तो डबाच पुढं केला. मी विचारलं हे साठवतं का. तो हसला अन् म्हणाला आजी, तुम्हाला शिकवून पाठवलंय. मग आतलं कार्ड काढलं. हिरवी पाटी, तिच्यावर काळे काळे किडे बसल्यासारखे, अन् खालच्या कडेला एका ओळीत सोन्याचे दात. त्याच्याबरोबर रिमोटही आहे, तो तुझ्या आईनं लगेच प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवला.

नईम म्हणाला उद्या सकाळी येऊन बसवतो. मी कार्डाचं खोकं घरी आणलं, देवापुढं ठेवलं. नवी वस्तू हळदकुंकू लावल्याशिवाय मी कधी वापरू दिली नाही, मग तो मिक्सर असो की तुझ्या पप्पांची मोटरसायकल. कार्ड बाहेर काढून पाटावर ठेवलं, तू सांगितलंस तसं कडेला धरूनच, अन् साग्रसंगीत पूजा केली.

पण ते चालत नाही गं. नईमनं दोनदा काढून बसवलं, सीडी घातली, कॉम्प्युटर म्हणतो आत काहीच नाही. जणू आपण त्याला काही दिलंच नाही. त्यावर तुझे पप्पा नको ते बोलले. कुणाचं तरी परत आलेलं कार्ड आपल्या गळ्यात मारलं म्हणाले. नईमनं पेचकस पिशवीत टाकला, मला म्हणाला आजी, दुसरं मागवतो, पण यायला पंधरा दिवस लागतील. चपला घातल्या अन् गेला. चहा तसाच राहिला. तुझ्या पप्पांशी, प्रेमराजशी, मी दोन दिवस बोलत नाही.

पंधरा दिवसांनी आलं तर शनिवार गेला. मी अजून हात टेकलेले नाहीत. काय करू ते उलट टपाली लिही.
आजी

जळगाव
५ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

घाईत लिहिते, एकच प्रश्न आहे. कुंकू नेमकं कुठं लावलंस?

त्या सोन्याच्या दातांवर लावलं असशील तर कार्ड चांगलं आहे आणि नईमभाईही. त्या दातांमधूनच कॉम्प्युटर कार्डाशी बोलतो. मध्ये काही आलं की त्याला ऐकू येत नाही. कार्ड बाहेर काढून दात पेन्सिलच्या खोडरबरनं हलक्या हातानं घासायचे. हसू नको, दुकानातही असंच करतात. पाणी लावायचं नाही. खोडरबरचा भुसा झटकून मग बसवायचं.

पप्पांना हे पत्र वाचायला दे.
कामिनी

धुळे
९ मार्च

चि. कामिनीस आजीचे अ. उ. आ.

दातांवरच लावलं होतं. मला वाटलं हेच त्याचं तोंड. ओलं करून लावलं होतं, दोन बोटं हळद, दोन बोटं कुंकू, सुटू नये म्हणून दाबून.

तुझं पत्र वाचलं अन् मी जागची उठले. तुझे पप्पा म्हणाले फोन करून बोलावू त्याला. मी म्हटलं नाही, बोललास घरात उभा राहून, आता त्याच्या दारात जाऊन बोल. कार्ड पदरात गुंडाळलं अन् दोघं मोटरसायकलवर गेलो. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी म्हटलं बरं झालं, ऐकू दे सगळ्यांना. मी सांगितलं की बाबा, मी कुंकू लावून हे बंद पाडलं, तुझा माल चोख आहे. मग प्रेमराजकडे बघत उभी राहिले. तो जरा घुटमळला, मग म्हणाला नईम, माझं चुकलं, रागात बोललो. तुझे पप्पा असं म्हणताना मी प्रथमच ऐकलं.

नईमनं कार्ड हातात घेतलं अन् कपाळाला हात लावला. म्हणाला लाल डाग मी पाहिला होता, मला वाटलं कंपनीनं तपासून खूण केली असेल! म्हणजे चूक अर्धी माझी. टेबलाच्या खणातून खोडरबर काढला, त्याच्याकडे असतोच म्हणे, अन् एक एक दात घासला. दात पुन्हा पिवळेजर्द. तसाच दुकान शेजाऱ्याच्या हवाली करून घरी आला अन् बसवलं. या खेपेस कॉम्प्युटरनं ओळखलं. आधी नुसत्या मुंग्या दिसल्या, मग केबलची वायर घट्ट केली तशी एक बाई भाजीचा भाव सांगायला लागली. आम्ही ती भाजी अर्धा तास साठवली अन् पुन्हा बघितली. तुझ्या सिनेमांना मुकलीस, माफ कर.

शनिवारी साडेचार ते सहा लोडशेडिंग आहे. तुझी आई हे ऐकून खालीच बसली. नईमच्या दुकानाकडची लाइन वेगळी आहे, तिकडे त्या वेळी वीज असते. म्हणून शनिवारी दुपारी कॉम्प्युटर रिक्षात घालून त्याच्या दुकानात न्यायचा असं मी ठरवलंय. समोरच्या हॉटेलात केबल आहे, तिथून वायर ओढायला नईमनं विचारून ठेवलं. मी मॉनिटर मांडीवर घेऊन बसणार आहे. या खेपेस पूजा नाही, लांबून नमस्कार करीन.

तू अक्काला दवाखान्यात भेटायला जाशील तेव्हा यातलं काही बोलू नको.
आजी

धुळे
६ एप्रिल

चि. कामिनीस आजीचे अ. उ. आ.

परीक्षा संपली म्हणून हे सविस्तर. शनिवारचा कार्यक्रम पूर्ण धरला हे तुला फोनवर ओरडून सांगितलंच होतं. काल रविवारी अक्का आली. डॉक्टरांनी आता टीव्ही बघायला हरकत नाही सांगितलं तशी मी कौतिककडून तारीखच घेतली होती. काळा चष्मा लावून ओट्यावर चढली अन् पहिलं काय म्हणाली, तर भागा, तू एवढी काळी कधी झालीस! म्हटलं डोळा चांगला झालाय.

खुर्ची अगदी जवळ ओढून बसवली तिला. नईमही आला होता, प्रेमराजनं स्वतः बोलावलं. मी पडद्यावर आले तेव्हा अक्का हसली, नणंद मागून तीनदा गेली तेव्हा जास्त हसली. मग ते आलं. मी तिचं नाव घेते, मागची खोली सांगते, पन्नास वर्षांची वाहवा सांगते. अक्कानं नईमला बोटानं खूण केली, मागं घे म्हणून. त्यानं घेतलं. पुन्हा ऐकलं. आणखी एकदा ऐकलं. टीव्हीवाल्यांनी ते एकदा दाखवलं, आमच्या घरात तीनदा झालं.

मग चष्मा काढून पुसत बसली. मला वाटलं आता गळ्यात पडेल, नाहीतर रुसेल. तर म्हणाली, भागा, तुला ध्यानात नाही शे. मांडे शिकवायला मी आले नव्हते. पहूरला नवऱ्यानं ताटावरून उठवलं होतं, मी परत न जाण्यासाठी घर सोडलं होतं. आईकडे जायची सोय नव्हती, म्हणून तुझ्याकडे आले. लग्नाला चार दिवस असताना ही कशाला आली असं तुझ्या सासूनं सगळ्यांदेखत विचारलं. तर तू पुढं होऊन सांगितलंस की मीच बोलावलं, मला मांडे येत नाहीत, अक्का शिकवणार आहे. एवढ्या बायकांत स्वतःची लाज काढलीस अन् माझी झाकलीस. त्या बायका लग्नाच्या गडबडीत ते विसरल्या, मी नाही. चौथ्या दिवशी तो लग्नाला आला, भांडणाचा बोभाटा झालेला नव्हता म्हणून सगळ्यांसमोर मला न्यायला तयार झाला, अन् माझं घर राहिलं. तुझी वाहवा ऐकून मी मान हलवायचे ती त्यासाठी.

कामिनी, मला यातलं काही आठवत नाही. मला मांडे येत नाहीत असं सासूला सांगितलं ते आठवतं, पण ते मी खरंच येत नव्हते म्हणून सांगितलं असणार. मी तसं म्हटलं, तर अक्का म्हणाली असू दे, तुला काय वाटलं ते तुझ्याजवळ, मला काय मिळालं ते माझ्याजवळ. कौतिक आईकडे बघतच राहिला. त्यालाही हे कालच कळलं. तुझी आई चहा करायला म्हणून आत गेली ती बराच वेळ आली नाही.

जेवताना अक्कानं माझ्या मांड्याची कड जाड आहे म्हणून काढून ठेवली. मी दुसरा पातळ करून वाढला, तो खाल्ला.

इकडे सर्व खुशाल. तू घरी येशील तेव्हा तुलाही दाखवीन, पण अक्काचं बोलणं त्यात नाही, ते तुला माझ्या तोंडूनच ऐकावं लागेल. माया आहे ती आहेच, तू फक्त येत जा.
तुझी आजी भागाबाई

ता. क. अक्का निघताना म्हणाली या डोळ्यानं अजून काही नीट बघून झालं नाही. कौतिक अन् ती दोघं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, २६ तारखेच्या रविवारी, सकाळच्या गाडीनं येतो म्हणालेत. जळगावला गाडी बदलतील, तू स्टँडवर उभी राहा, त्यांच्याबरोबरच घरी ये.