आजोबांकडे रोज शनिवार

नॉरशॉपिंग,
सोमवार, ४ जून १९८४

ती. बाबांस,
इंगेलाचा सा. न. वि. वि.

मेमधला तुमच्याकडचा मुक्काम आटोपून तिल्दा काल लेफबरोबर सुखरूप पोचली. तुम्ही करून दिलेली लाकडी बोट तिने वाटभर मांडीवरून खाली ठेवली नाही म्हणे. मी फोनच करणार होते, पण तुमच्या कानांसाठी एवढं ओरडावं लागतं की आमच्या अख्ख्या जिन्याला आपल्या घरच्या भानगडी कळतात. आणि आजची भानगड जिन्याला कळावी अशी नाही.

सकाळी ट्राम चालवायच्या पाळीवर जाताना मी तिला बालवाडीत सोडलं. दारातच तिने जाहीर केलं की आज शनिवार आहे. तिच्या ऊलाबाई हसून म्हणाल्या की अगं वेडे, आज सोमवार. तर ही कमरेवर हात ठेवून म्हणते, तुमच्याकडे असेल सोमवार, माझ्या आजोबांकडे रोज शनिवारच असतो. बाबा, ऊलाबाईंना काय समजायचं ते समजलं. मलाही समजलं. गोड गोळ्यांची पुडी फक्त शनिवारी मिळते, एरवी हट्ट करायचा नाही, हे मला कुणी शिकवलं होतं? शुक्रवारी कपाटापुढे भोकाड पसरलेल्या माझ्याकडे ढुंकूनही न बघता वर्तमानपत्र वाचणारे गृहस्थ तुम्हीच ना?

आता घरी ताट पुढे आलं की अळीमिळी गुपचिळी. गाजर नको, मासा नको, लापशी तर डोळ्यांपुढेही नको. थोडं दमाने घेतलं की शनिवार होतो आणि पुडी निघते, हे तिला पक्कं कळलंय. लेफ चमच्याचं विमान करतो, मी आधी विनवते आणि मग ओरडते, आणि शेवटी तिघांचंही जेवण गार होतं. पावणेचार वर्षांच्या पोरीने दोन धडधाकट माणसांच्या नाकी नऊ आणलेत.

म्हणून स्पष्टच लिहिते. जुलैचा महिना ती तुमच्याकडे राहणार असं आपलं ठरलं होतं. पण हाच कारभार चालणार असेल तर लेफची आई तिला लिन्शॉपिंगला ठेवून घ्यायला एका पायावर तयार आहे. त्यांच्याकडे सोमवार सोमवारीच येतो.

आणि तुम्ही हल्ली काय खाता? लेफ सांगत होता की तुमचा पट्टा शेवटच्या भोकाच्याही पुढे गेलाय आणि फ्रिजमध्ये दुधाची पिशवी एकटीच बसली होती. आई गेल्यापासून या प्रश्नाचं सरळ उत्तर तुम्ही एकदाही दिलेलं नाही.

रागावून लिहिलं तरी माया तसूभरही कमी नाही. तुमचीही तशीच राहू द्यावी.

तुमची,
इंगेला


एलांड,
शुक्रवार, ८ जून १९८४

चि. सौ. इंगेला हीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. लिन्शॉपिंगच्या ओळीपर्यंत मी हसत होतो, हे कबूल करतो.

आता माझी बाजू ऐक. तू मला गुन्हेगार ठरवलंस, पण गुन्हा कसा घडला ते विचारलंच नाहीस. पहिल्या दिवशी मी तिला मासा आणि बटाटे वाढले. तिने ताट असं लांब सारलं, जणू त्यात जुना मोजा वाढलाय. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. पोटात कावळे ओरडत असणार, पण पोरगी तोंड उघडायला तयार नाही. हा ताठा तुझ्याकडून आलाय, आणि तुझ्याकडे तो तुझ्या आईकडून आला. मग तिने कपाटातली पुडी बघितली. ती शनिवारची आहे, असं मी अगदी कडक आवाजात सांगितलं. तिने विचारलं, आज शनिवार आहे का? इंगेला, ते डोळे तू रोज बघतेस, तुला सवय आहे. मला नाही. मी म्हणालो, आहे.

एकदा शनिवार करून बसल्यावर दुसऱ्या दिवशी मंगळवार कुठून आणायचा? तिने सकाळी उठून विचारलं, मी मान हलवली. नंतर ती विचारीनाशी झाली. निदान त्या गोळ्या तरी पोटात जातात, असं मी मनाला समजावत होतो. हे काही शहाणपणाचं नव्हतं, पण घरात कुणीतरी खुशीत होतं.

जुलै माझ्यापासून काढून घेऊ नकोस. लेफच्या आईकडे चार नातवंडं आहेत, मोठी बाग आहे, पियानो आहे. माझ्याकडे तिल्दा आहे. मी हे तुला दुखवायला लिहीत नाही, जसं आहे तसं लिहितो. कानाला खडा लावला. वार जागच्या जागी ठेवीन.

माझ्या जेवणाची काळजी नको. मी व्यवस्थित खातो. हवा छान आहे, लायलॅक भरभरून फुललाय.

लेफला आशीर्वाद, तिल्दाला पापा. म्हाताऱ्यावर राग धरू नये, एवढंच मागणं.

तुझा,
बाबा


नॉरशॉपिंग,
बुधवार, १३ जून १९८४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

लेफला तुमचं पत्र वाचून दाखवलं. जुन्या मोज्यापाशी तो खुर्चीतून पडायचा राहिला. त्याचं मत तुमच्या बाजूने पडलं आहे आणि माझा राग विरघळला आहे. पण पूर्ण नाही.

एक आठवडा देते. पहिल्या जुलैला, रविवारी, लेफ तिला आणून सोडेल. तो पुढच्या रविवारी परत येईल, तेव्हा जर ती त्याला म्हणाली की आज शनिवार आहे, तर गाडी थेट लिन्शॉपिंगकडे वळेल. आठवडा नीट गेला तर सगळा जुलै तुमचा.

ऊलाबाईंकडे मी रडगाणं गायले. त्या म्हणाल्या की तुम्ही आई-बाप ताटापुढे फार बोलता. काय आणि कधी वाढायचं ते मोठ्यांनी ठरवावं. त्यातलं किती खायचं ते तिच्या पोटाला ठरवू द्यावं. विनवायचं नाही, धमकावायचं नाही आणि हे खाल्लंस तर ते देईन असा सौदाही करायचा नाही. नवा पदार्थ पहिल्यांदा नाकारला तर गाजावाजा न करता थोड्या दिवसांनी पुन्हा ठेवायचा. मुलं आधी नुसतं बघतात, मग बोट लावतात, मग कधीतरी चाखतात. आणि जेवण सगळ्यांनी एका टेबलाशी बसून करायचं. हे शेवटचं त्यांनी मला दोनदा सांगितलं, कारण मी उभ्याउभ्या खाते हे तिल्दाने बालवाडीत सांगून टाकलं आहे. आमच्या घरात काही म्हणून झाकून राहत नाही.

आम्ही चार दिवस असं करून पाहतोय. विमान जमिनीवर उतरवलंय. काल तिने काकडीचा एक तुकडा चाटून परत ठेवला. आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत बसलो, जणू काही घडलंच नाही.

लायलॅक फुललाय हे वाचलं. मी लायलॅकबद्दल विचारलं नव्हतं.

लोभ वाढता ठेवा आणि पट्ट्याला नवं भोक पाडू नका.

तुमची,
इंगेला


एलांड,
सोमवार, २ जुलै १९८४

चि. सौ. इंगेला हीस,
अ. उ. आ.

हे पत्र तातडीचं आहे, म्हणून हवापाणी नाही.

काल लेफ गेल्यावर मी ऊलाबाईंच्या शिस्तीने जेवण मांडलं. शेपू घालून उकडलेले नवे बटाटे, हेरिंग मासा, कडक पाव, गाजराचे तुकडे. ताट ठेवलं, एक शब्द बोललो नाही. माझा कॉफीचा कप घेऊन समोर बसलो. तिने ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग टेबलाच्या माझ्या बाजूकडे. आणि विचारलं, आजोबा, तुमचं ताट कुठंय? मी म्हणालो, माझं झालंय. ती म्हणाली, मग माझं पण झालंय. खुर्चीवरून उतरली आणि बोट घेऊन अंगणात गेली.

मी तिथेच बसून राहिलो. माझं काही झालेलं नव्हतं, इंगेला. तुला सरळ उत्तर हवं होतं ना, हे घे. तुझी आई गेल्यापासून मी या टेबलावर जेवण मांडलेलं नाही. कॉफी आणि पाव, कधी बिस्किटं, तेही ओट्यापाशी. एका माणसासाठी काय ताट काढायचं? मेमध्येही तिल्दाला वाढायचो आणि स्वतः कॉफी ढोसत बघत बसायचो. पोरीने माझ्याबरोबर जेवावं तरी कसं, मी जेवतच नव्हतो.

संध्याकाळी दोन ताटं काढली. तिने दोन बटाटे खाल्ले. मीही खाल्ले. गाजराला कुणी हात लावला नाही, पण मीही त्याच्याशी फार सलगीने वागलो नव्हतो.

आता तातडीचं काम. आज सकाळी तिने विचारलं की शनिवार आहे का. मी छातीवर दगड ठेवून सांगितलं, आज सोमवार. मला वाटलं, आता रडारड. तर तिचा चेहरा उजळला. म्हणाली, म्हणजे तुमच्याकडे आता गुरुवार पण येणार? बालवाडीत गुरुवारी वाटाण्याचं सूप असतं आणि मागून पॅनकेक येतात, माझ्याकडे मात्र गुरुवार कधी येतच नाही, म्हणून तिला मेमध्ये पॅनकेक मिळाले नाहीत, हे ती बिचारी मनात धरून बसली होती. बघ, पुडी देऊन मी तिचा अख्खा आठवडा खाऊन टाकला होता.

मी गुरुवारचा शब्द देऊन बसलोय. आईचं मोठं पातेलं सापडलं, पण तिचं सूप कसं व्हायचं ते मला ठाऊक नाही. इतकी वर्षं मी फक्त खायला हजर होतो. उलट टपाली कळव.

घाईतही आशीर्वाद पूर्ण आहेत.

तुझा,
बाबा


नॉरशॉपिंग,
मंगळवार, ३ जुलै १९८४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दुपारी वाचलं आणि ट्राम एका थांब्यावर जरा जास्तच वेळ उभी राहिली. त्याबद्दल नंतर लिहीन. आधी सूप.

पिवळे सुके वाटाणे बुधवारी रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला. तिल्दाला घालू द्या, सांडू द्या. सकाळी ते पाणी ओता, नवं घाला, खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा आणि अख्खा कांदा टाका आणि मंद आचेवर विसरून जा. पण करपेल एवढं विसरू नका. शेवटी वाळलेला मरवा चुरडून घाला. तो चुलीच्या वरच्या फडताळात निळ्या डब्यात असेल, आई तिथेच ठेवायची. वाटलेली मोहरी ताटलीच्या कडेला. आई मोहरी जरा जास्तच घ्यायची आणि मग डोळ्यांतून पाणी काढत म्हणायची की आता खरा गुरुवार झाला.

पॅनकेकचं तुम्हाला सांगायला नको. ते तुम्ही तिच्या नकळत उलटवायचात आणि एक नेहमी जमिनीवर पडायचा.

तिने सूप खाल्लं नाही तरी पॅनकेक द्या. तो तिचा गुरुवार आहे, बक्षीस नाही.

तुमच्या ताटावर माझं इथून लक्ष आहे. प्रेम असू द्या.

तुमची,
इंगेला


एलांड,
रविवार, ८ जुलै १९८४

चि. सौ. इंगेला हीस,
अ. उ. आ.

हे पत्र लेफच्या हाती देतोय. तो आणि तिल्दा बाहेर अंगणात वाटाण्याच्या शेंगा सोलताहेत. आईच्या वाफ्यात आपल्याआप उगवलेल्या चार वेली आहेत. तिल्दा एक दाणा वाटीत टाकते आणि तीन तोंडात. कच्चे. कुणी तिला खा म्हटलेलं नाही.

गुरुवारची हकीगत सांगतो. रात्री भिजवलेले वाटाणे सकाळी फुगलेले बघून ती घरभर नाचली. त्यांनी रात्री पाणी पिऊन पोट मोठं केलं, असं तिचं म्हणणं. मरव्याचा डबा उघडला तेव्हा वास आला आणि मला जरा दाराबाहेर जाऊन उभं राहावं लागलं. ती मागोमाग आली आणि माझा हात धरून उभी राहिली.

जेवायला बसलो. मी वाढून घेतलं, भरपूर मोहरी घेतली आणि खाल्लं. ती माझ्या तोंडाकडे टक लावून. तिने एक वाटाणा उचलला, चाखला आणि बाहेर काढून ताटलीच्या काठावर ठेवला. मी सूप पीत राहिलो. मग तिने मोहरीत बोट बुडवलं, ते नाकाला लागलं, शिंका, हसू, डोळ्यांत पाणी. मी म्हणालो, आता खरा गुरुवार झाला. मग कधीतरी चमचा चालू झाला. सगळं नाही संपवलं, निम्मं असेल. मी मात्र दोनदा घेतलं. पॅनकेक दोघांनी खाल्ले, एक जमिनीवर पडला.

काल शनिवार होता, खराखुरा. पण आम्ही सकाळपासून बंदरावर होतो, आल्यावर ती जेवली आणि तशीच झोपली. पुडी राहूनच गेली. आज सकाळी मला आठवलं आणि वाईट वाटलं, म्हणून मीच पुडी काढून तिच्यापुढे धरली. तिने हात मागे बांधले. म्हणाली, आजोबा, आज रविवार आहे. तुम्हाला आता थांबावं लागेल.

पुडी कपाटात परत ठेवली आहे. लेफला तिने दारातच आजचा वार सांगितला. आता गाडी कुठे वळते, ते लेफच्या हातात आहे.

तुझा,
बाबा


नॉरशॉपिंग,
सोमवार, ९ जुलै १९८४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

लेफ एकटाच परत आला, यातच उत्तर आलं. जुलै तुमचा.

ट्राम थांबली होती त्याबद्दल लिहिणार होते. मला वाटत होतं की माझी मुलगी जेवत नाही, ही माझी मोठी काळजी आहे. खरी काळजी दुसरीच होती, आणि तिच्याबद्दल तुम्हाला कसं विचारावं ते मला जमत नव्हतं. तिल्दाने एका वाक्यात विचारून टाकलं. तुम्ही जेवताय हे वाचून मी आज पहिल्यांदा निवांत बसून जेवले.

महिनाअखेरीला तिला आणायला मी स्वतः येईन. ती गेल्यावर काय, हे मी आत्ता विचारत नाही.

माया आहे, ती अशीच राहो.

तुमची,
इंगेला


एलांड,
गुरुवार, २ ऑगस्ट १९८४

चि. सौ. इंगेला हीस,
अ. उ. आ.

तुम्ही दोघी रविवारी गेलात आणि घर एकदम मोठं झालं. सोमवारी ओट्यापाशी उभा राहून पाव खाल्ला, हे लपवत नाही. मंगळवारीही.

काल रात्री दिवे मालवताना आठवलं की उद्या कुठला वार. परत आत गेलो आणि वाटाणे भिजत घातले. एका माणसाला पातेलं फार मोठं होतं, पण लहान पातेल्यात तो वास येत नाही. आज दुपारी ताटं काढली तर हातात दोन आली. एक परत ठेवलं. मग माझं ताट टेबलावर मांडलं, खुर्ची ओढून बसलो आणि जेवलो. मोहरी जास्त झाली. डोळ्यांतलं पाणी मी सगळं मोहरीच्याच खात्यावर टाकलं.

तिल्दाला एवढं सांग की आजोबांकडे आज गुरुवार आला होता. सूप आधी, पॅनकेक मागून. पडलेला धरून तीन. पुडी कपाटात आहे आणि मी थांबलोय. उद्या शुक्रवार आहे, आणि शुक्रवारीही जेवायचं असतं, हे तिने जाताना मला बजावलंय.

सगळ्यांना आशीर्वाद. येत राहा, भूक घेऊन या.

तुझा,
बाबा