नकाशांभोवतीची पांढरी पट्टी

अकोला, सप्टेंबर १९५८

माय,

तू देवांच्या तसबिरी घेऊन अचलपूरले मामाकडे गेली, त्याले दोन वर्षं होत आली. दीक्षा घेऊन आलो अन् त्या मीच भिंतीवरून उतरवल्या, त्याचा मले पस्तावा नाही. मधोमध बाबासाहेबांची तसबीर लावली. बाकीचे खिळे मात्र रिकामे राहिले.

शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून नागपूरच्या प्रदर्शनातून जुन्यापुराण्या नकाशांच्या छापील नकला आणल्या, काचेत मढवल्या अन् त्या खिळ्यांवर टांगल्या. एका नकाशात गोऱ्या सायबानं आपली पूर्णा भलतीकडंच वळवली आहे, अन् मेळघाटात नुसती झाडं काढून मोकळा झाला. येणारे-जाणारे म्हणतात, "मास्तर, घर मस्त सजवलं बा!"

पण नकाशे तुझ्या तसबिरींपेक्षा लहान निघाले. प्रत्येकाभोवती, तसबिरीखाली झाकून राहिलेल्या पांढऱ्या भिंतीची पट्टी उघडी दिसते. शेजारच्या इंदूबाईनं विचारलं, "भाऊ, किनार रंगवली काय?" मी हो म्हटलं.

हे पत्र मामाच तुले वाचून दाखवतीन, अन् तुले वाटन मी माघार घेतली. म्हणून धाडत नाही.

काल चुना मारणारा आला होता. सारं घर मारून घेतलं, ती भिंत सोडून. तो म्हणे, "हेच तं सगळ्यात काळी हाय, गुरुजी. काहून सोडता?"

त्याले काय सांगू? देव गेले, त्याचं मले काही नाही. पण त्या भिंतीवरचा धूर तुझ्या हातच्या उदबत्त्यांचा आहे.

तुझा,
सुखदेव