लाल पाटी

१८ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळ.

तीन महिने या वहीकडे फिरकले नाही, चुकलंच. बाबांच्या रक्ताच्या कॅन्सरबद्दल लिहायचा धीर होत नव्हता.

आज त्यांना त्यांचं औषध समजावलं. डॉक्टर म्हणाले होते, रोग आवरणारी काही जनुकं बिघडलेली नाहीत, रासायनिक खुणा बसून नुसती बंद पडली आहेत. पोटातलं इंजेक्शन त्या खुणा काढून टाकतं. बाबा प्लांटमध्ये चौतीस वर्षं इलेक्ट्रिशियन, म्हणून मी म्हटलं, "बंद स्विचवर 'चालू करू नका' अशी लाल पाटी टांगायचात ना? औषध ती पाटी काढतं."

उगाच शहाणपणा केला. ते एकदम गंभीर झाले.

"ज्यानं टांगली त्यानंच काढा लागते, बाई. लाइनवर कामाले माणूस असते."

"बाबा, इथे कुठला माणूस?"

"तुले काय माहीत? हाक देल्याशिवाय म्या एकबी पाटी काढली नाही. अन् हे दवाई कोनाले विचारून राहिली? उद्याची सुई नको मले."

सहा झाल्या, एकच राहिली. ती चुकवून चालणार नाही, असं मी सांगितलं.

मी चहा घेऊन गेले, तर खुर्चीत डोळे मिटून बसलेले. तळहात पोटावर, बरोबर सुईच्या जागी. हळूच म्हणाले, "कोनी हाय का आत?" थांबले. पुन्हा हाक दिली. मग कोणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी मान हलवली.

काय ऐकलं, ते विचारायची माझी छाती झाली नाही. ती लाल पाटी मीच त्यांच्या डोक्यात घातली. पण त्यांचा प्रश्न खरंच वेडा आहे का? औषध नेमक्या त्या रोग आवरणाऱ्या जनुकांवरच्याच पाट्या काढतं, की हाताला लागेल ती?

उद्या: सुईच्या आधी, बाबांच्या समोरच, डॉक्टरांना हे विचारणे.