बिनवासाची जाई

९ एप्रिल

तीर्थरूप ताईस,

नमस्कार. साष्टांग घालायला गुडघ्यांची संमती नाही, तेव्हा तो मनातल्या मनात झाला असं धर.

पत्रास कारण, एक फिर्याद. वादी मी, प्रतिवादी तू, मुद्देमाल मागच्या अंगणात. फेब्रुवारीत तुझ्या जावयांच्या गाडीतून तू बाबांच्या जाईचा वेल, निशिगंधाचे कंद आणि लिंबाचं रोप धाडलंस. दोन वर्षांच्या अबोल्यानंतर बहिणीकडून काही येतं म्हणजे मोठीच गोष्ट. मी अंगणातल्या फरशा उखडल्या, माती चाळली, पुस्तकांचे गठ्ठे बांधायच्या सुतळीने वेलाला मांडव विणला. परवा जाई फुलली. दिसायला सोज्वळ, वासाच्या नावाने शून्य!

संस्कृतात न्यायशास्त्र शिकताना आम्हाला पृथ्वीची ओळख 'जिला गंध आहे ती' अशी करून दिली होती. तेव्हा तुझ्याकडची माती पृथ्वीवरचीच आहे ना, इथून शंकेला सुरुवात होते.

फूल घेऊन नर्सरीवाल्याकडे गेलो. त्याने ते नाकाला लावलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "मास्तर, सकाळी सकाळी गरिबाची चेष्टा करता होय?" ही जमात एकमेकांना सांभाळून घेते. हिला विचारलंच नाही. ही पहिल्यापासून तुझ्या पक्षातली.

तू मुद्दाम बिनवासाची पाठवलीस असं मी म्हणत नाही. फक्त तसं वाटायची सोय तू करून ठेवली आहेस.

तुझा,
पंडित

२२ जुलै

ती. ताईस,

तुझं चार वाक्यांचं उत्तर पोचलं. "बाबांनी थरथरत्या हातांनी लावलेली जाई आहे. वास नसेल तर परत पाठव. आणि अक्षर एवढं बारीक का? कागद वाचवतोस की शब्द?"

टोमणा पोचला. जाई परत मिळणार नाही.

पावसाने बाग माजली आहे. गवत माझ्यापेक्षा शिस्तीत वाढतं. गोगलगायींनी निशिगंधाची पानं अशी कातरली आहेत, जशी परीक्षकाने लाल शाईने उत्तरं खोडावीत. शेजारी एक निवृत्त स्टेशनमास्तर राहतात. परवा ते नाकाला रुमाल लावून कुंपणाशी आले.

"अहो, तुम्ही इथे उभे कसे राहता?"

"पायांवर," मी म्हणालो.

"चेष्टा सोडा. उंदीर मेलाय तुमच्या खताच्या खड्ड्यात. सगळ्या गल्लीने खिडक्या लावून घेतल्यात!"

मी त्या खड्ड्यात सकाळपासून खुरपं चालवत होतो. उंदीर माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर निघाला. ही दारातूनच म्हणाली, "भावोजी, यांचं नाक पुस्तकात असतं, बाहेर नुसता चष्मा ठेवायची सोय." सगळे हसले. मीही हसलो, अंमळ जास्तच.

तुला हसवायला लिहिलं. हसलीस की नाही, कळव.

पंडित

६ नोव्हेंबर

ताई,

निशिगंधाला दांडे आले. हिची मैत्रीण आली होती, ती दारातच थबकली. "काय घमघमाट आहे हो!" मी म्हणालो, "वा!" अलीकडे मी समोरच्याचा चेहरा पाहून 'वा' म्हणतो. वेळ बरोबर साधते. वर्गात न वाचलेल्या धड्यावर मुलं मान डोलवतात, ती कशी, हे आता कळलं.

तू लिहिलंस, "मला वाटलं होतं, तू त्या दिवशी सगळ्यांसमोर मला जे बोललास त्याबद्दल लिहिशील. तू तर गोगलगायींबद्दल लिहितोस."

त्याबद्दल सवडीने. सध्या लिंबाला काटे फार आलेत.

पं.

१९ जानेवारी

ताई,

सवड झाली.

मागच्या आठवड्यात लिंबाला पहिलं फळ धरलं, सुपारीएवढं. मी डोळे मिटून लिंबाचं पान चुरगळलं. मग पुदिन्याचं. मग मूठभर ओली माती नाकापाशी धरली. तिन्ही एकच. नुसता गारवा. तू पाठवलेल्या कशालाच वास नव्हता, कारण मलाच तो येत नव्हता. कधीपासून, ते मला नेमकं सांगता येत नाही. वर्षभर तुझ्या जाईवर आळ घेत राहिलो, कारण जाई उलट बोलत नाही. तू बोलतेस, तर तुझी चार वाक्यं मला झोंबली.

हिला न सांगता डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, "वास जायला शंभर कारणं असतात, घाबरू नका." मग त्याने मला चालायला लावलं, बोटं अंगठ्यावर टेकवायला लावली, एकच वाक्य पाच वेळा लिहायला लावलं. पाचवं वाक्य मुंग्यांची रांग होती. मी या कागदावर मोठं लिहायचा प्रयत्न करतोय. शेवटपर्यंत जमतंय का, ते तूच बघ. बाबांची शेवटची पत्रं आठवतात? भिंगाशिवाय वाचता यायची नाहीत. मी त्यांना उलट टपाली लिहायचो, "अक्षर सुधारा."

त्याने विचारलं, "घरात कोणाला कंपवात होता का?"

मी म्हणालो, "नाही."

चोपन्न वर्षांचा माणूस, आयुष्यभर मुलांकडून सत्यावरची सुभाषितं पाठ करून घेणारा. आणि स्वतःच्या बापाचा अकरा वर्षांचा आजार मी एका शब्दात पुसून टाकला. त्यातली एकही रात्र मी जागलो नव्हतो, म्हणून पुसणं सोपं गेलं असेल. जागलीस तू. चमच्याने भरवलंस तू. मी सुट्टीत येऊन पथ्यं सांगून जात होतो.

आणि बाबा गेले त्या दिवशी भरल्या घरात तुला विचारलं, "एका छपराखाली राहून तुला वेळेवर दिसलं कसं नाही?" तू पाण्याचा तांब्या खाली ठेवलास आणि आत गेलीस. तेव्हापासून दोन वर्षं तू बोलली नाहीस. बरोबर केलंस.

कसं दिसत नाही, ते मी आता दाखवू शकतो. ही माझ्याबरोबर एका छपराखाली राहते. मी 'वा' म्हणतो, ती हसते. छाटणीची कात्री धरली की उजवा अंगठा माझी आज्ञा न घेता हलतो. मी तो हात मातीत खुपसून ठेवतो. ती म्हणते, "बागेचं वेडच लागलंय यांना." मी इतक्या निगुतीने लपवतोय, की उद्या आमच्या मुलीने तिला विचारलं, "आई, तुला वेळेवर दिसलं कसं नाही?" तर तिच्याकडेही उत्तर नसेल. तुझ्याकडे नव्हतं, तसंच.

शुक्रवारी पुन्हा बोलावलंय. तेव्हा खरं सांगेन. हिला त्याआधी सांगायला हवं. रोज सकाळी झारी भरतो, सांगायचं ठरवतो, आणि झाडांना पाणी घालून परत येतो.

जाईला या थंडीतही दोन कळ्या आहेत. फुलल्या की हिला विचारून तुला कळवीन, वास कसा आहे ते.

ताई, बाबांचं सुरू कसं झालं? अगदी पहिल्यांदा काय झालं होतं? तेव्हा मी तुझ्यावर ठपका ठेवायला विचारलं होतं. आता मला माहीत नाही, म्हणून विचारतोय. मला भीती वाटते.

तुझा धाकटा