उत्सारक की पंप?

तासगाव, मंगळवार, तिन्हीसांज

पेशीत शिरलेलं औषध बाहेर फेकणाऱ्या प्रथिनाला मी परिभाषा कोशासाठी ‘उत्सारक’ असा घोटीव शब्द दिला, तर माझी लेक त्याला सरळ ‘पंप’ म्हणते! शिरवळच्या औषध कंपनीत ती कोणत्या औषधाने हा पंप बंद पडेल, याचे अंदाज संगणकावर बांधते. संस्कृतचा घोर अपमान.

आज तिने माझ्या थोरल्या भावाला फोनवर बजावलं, “आण्णा, घशाची नवी गोळी तो पंप बंद पाडेल. हृदयाची गोळी अंगात साठून बाधेल.”

“म्हंजी मोटार बंद, हीर भरली. व्हय गं?”

उत्सारक म्हटलं असतं तर कळलं असतं का? आण्णांनी चार दिवस दोन्ही गोळ्या घेतल्या. चार दिवस! डॉक्टरांना कळवलं, तर त्यांनी त्या थांबवून लगेच सांगलीला बोलावलंय; गाडीची वाट बघतोय. अंदाजच आहे म्हणा. पण आण्णांना दुपारपासून मळमळतंय, आणि पोरीचे अंदाज सहसा चुकत नाहीत.