काकांच्या टेबलावरची सभा

ता. ४ मार्च, सकाळी सव्वासात
(बाबांच्या खुर्चीत, कारखाना उघडायच्या आधी)

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. नमस्कार.

झाकणांचा कारखाना ठीक चालला आहे, मीच ठीक नाही. बाबा गेल्यावर काकांनी मला संचालक केलं तेव्हा वाटलं, मान दिला. आता कळलं, सही हवी होती. आपल्या मंडळाची सभा म्हणजे काकांचं जेवणाचं टेबल: काका, काकू आणि मी. इतिवृत्त आदल्या दिवशीच टाइप होतं. या वेळी कारखाना गहाण टाकून काकांच्या जावईबापूंच्या हॉटेलला पैसे द्यायचे आहेत. हॉटेल बुडालं तर कारखानाही जाईल आणि आपली ऐंशी माणसं घरी बसतील. बँकेला तिघांच्याही सह्या लागतात. तू राहतेस त्या परदेशात असं चालतं का?

तुझा,
धाकटा

ता. १५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

नाही चालत. आमच्या कंपनीत साहेबांवर देखरेख करायला वेगळं मंडळ आहे, त्यात निम्मे जण कामगारांनी निवडलेले. त्यांच्यातली आमची क्रेन चालवणारी, क्रेनवाली, प्रश्न विचारू लागली की साहेब पाणी मागतात. पण भुलू नकोस. तुझे भाऊजी आधी शेजारच्या देशात होते. तिथल्या मंडळावर सगळे बाहेरचे, नामवंत, भागधारकांचे राखणदार. मानधन घेऊन माना हलवत बसले आणि कंपनी बुडाली. तोंड उघडणारं कुणी नसेल, तर कुठेही जा, काकांचंच टेबल. तू तर लहानपणी कडू औषधालाही हो म्हणायचास. आता एकदा नाही म्हणून बघ.

तुझी,
ताई

ता. २७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

म्हटलं. इतिवृत्तात स्वच्छ अक्षरात माझा विरोध लिहिला, कारणासकट. सही केली नाही. काका म्हणाले, बारावी अर्धवट सोडलेला हा मला अक्कल शिकवणार. मी म्हणालो, कारखाना गहाण पडतोय एवढं कळायला बारावी लागत नाही. काकूंनी हसू दाबलं आणि सही केली. मग मी क्रेनवालीचं सांगितलं, इथेही कामगारांचा माणूस बसवा म्हणालो. काका ओरडले, परदेशातली थेरं परदेशातच राहू देत.

माझी सही लागू नये म्हणून आता मला संचालकपदावरून काढायला त्यांनी भागधारकांची सभा बोलावली आहे. बाबांचे शेअर आपल्या दोघांत असल्यामुळे तुझ्या मताशिवाय त्यांना ते जमणार नाही. काकांचा फोन येईल, गोड बोलतील. तुझं मत तुझं, मी मागणार नाही. पण ते त्यांना दिलंस, तर त्याच दिवशी मी एकेका यंत्रापाशी जाऊन कामगारांना सांगणार आहे, आपला कारखाना कुणासाठी गहाण पडतोय. संचालक होतो म्हणून आजवर गप्प होतो. काढल्यावर मला कोण गप्प बसवणार?

लोभ आहेच, तो मतावर ठरत नाही.

तुझा,
धाकटा